दाताची छटा

खो-खोच्या खांबावर आदळून माझ्या एका विद्यार्थ्याच्या पुढील दाताचा कोपरा तुटला. तेव्हापासून तो तोंडावर हात धरूनच हसे. अखेर मीच त्याला दंतवैद्यांकडे घेऊन गेलो.

मुलांनो, दात पांढरा असतो असे आपण म्हणतो. पण ते तितकेसे खरे नाही. दाताचे एनॅमल नावाचे बाहेरील कवच अर्धपारदर्शक असते. त्यातून आतील दंतिनाचा पिवळसर रंग दिसतो. हिरडीपाशी कवच पातळ, म्हणून तेथे दात अधिक पिवळा. टोकाच्या कडेशी आत दंतिन जवळजवळ नसतेच, म्हणून तेथे किंचित निळसर झाक.

वैद्यांनी मुलाच्या लाल सदऱ्यावर करडे कापड पांघरले, कारण भडक रंग डोळ्यांना फसवतो. लुगड्याशी खण जुळवताना बायका तो दुकानाबाहेर उजेडात नेतात ना? तसेच खिडकीजवळ, दात ओला असतानाच, त्यांनी १६ छटांच्या पट्टीतून एक छटा निवडली. अशी पट्टी १९५६ पासून प्रचारात आहे. मग कृत्रिम राळ व काचेची भुकटी यांचा लगदा थराथराने भरला. आत दाट, वर किंचित पारदर्शक. प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कठीण केला.

आरशात पाहताच मुलाचा चेहरा उतरला. भरलेला कोपरा उरलेल्या दाताहून काळसर दिसत होता!

"दात सुकला, की अधिक पांढरा दिसतो. लाळेने भिजू दे. उद्या पाहा," वैद्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तो माझ्यासमोर मोकळेपणी हसला. मी चष्मा पुसून सांधा शोधला; सापडला नाही.