कवितेच्या तालमीत नट

नाटकातला संवाद नटाच्या वाट्याला येतो तेव्हा त्याच्यासमवेत आणखी कितीतरी गोष्टी त्याला अनायासे लाभतात: पुढ्यात उभे असलेले दुसरे पात्र, पाठीमागचा पडदा, अंगावरचा पोशाख, विंगेत संहिता घेऊन बसलेला प्रॉम्प्टर, आणि आपण चुकलो तरी प्रयोग पुढे रेटून नेणारी सोबतची मंडळी. कविता म्हणावयास उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाती यांपैकी काहीच नसते. आणि नेमक्या याच कारणास्तव, ज्याला आपल्या कलेत वाढावयाचे आहे अशा नटाने काही काळ तरी कवितेच्या स्वाधीन व्हावे, असे माझे मत आहे.

हल्ली या प्रकाराला ‘स्पोकन वर्ड’ असे नाव मिळाले असून, त्याची कुळकथा सांगणारे लोक आपल्याला थेट अमेरिकेत नेतात. शिकागो शहरी मार्क स्मिथ नावाच्या, बांधकामावर मजुरी केलेल्या कवीने १९८६ साली ‘ग्रीन मिल’ या क्लबात कवितांच्या चढाओढी सुरू केल्या आणि निवाड्याचा अधिकार श्रोत्यांपैकीच काहींच्या हाती दिला, ही हकिकत खरी आहे व मनोरंजकही आहे. परंतु ज्या टापूविषयी मी लिहितो आहे, त्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारी पट्ट्यातील माणसाने एवढ्या दूर जाण्याचे प्रयोजन नाही. या पट्ट्याच्या एका अंगाला देहू आहे व दुसऱ्या अंगाला आळंदी. आणि आळंदीस जोगमहाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत अभंगांचे पाठांतर करून, मग ते शेकडो श्रोत्यांसमोर एकट्याने उलगडून दाखविण्याचे शिक्षण पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे.

कीर्तनकाराला कोणी नट म्हणत नाही, आणि तसे म्हटलेले त्यालाही बहुधा रुचणार नाही. तथापि तो काय करतो हे एखाद्या जाणत्या नटाने बारकाईने पाहावे. आख्यान रंगात आले म्हणजे तोच देव होतो व तोच भक्त, तोच रागावलेला सावकार आणि तोच गयावया करणारा ऋणको होतो, आणि हे सारे वेष न पालटता, केवळ मान वळविण्याने, खांद्यावरच्या उपरण्याने आणि आवाजाच्या एका पट्टीवरून दुसरीवर जाण्याने साधतो. त्यातही अभंगाची घडणच अशी आहे की ती म्हणणाऱ्याला श्वासाचे शिक्षण देते. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा असतो; त्या आखूड चरणानंतर जी रिकामी जागा राहते ती गाणारा टाळ-मृदंगाने भरून काढतो, परंतु अभंग नुसता बोलून दाखविणाऱ्याला ती अर्थाने भरावी लागते. नवख्या नटाला रंगमंचावर सर्वांत अधिक भय कशाचे वाटत असेल तर ते विरामाचे, कारण आपण गप्प झालो की प्रेक्षकांना आपण संवाद विसरलो असे वाटेल ही शंका त्याला छळत असते. त्या भयाची सबब नाहीशी करणारा याहून सोपा व्यायाम मला ठाऊक नाही.

मुक्तछंदाची गोष्ट निराळी. कवी अनिल यांनी मराठीत रुजविलेल्या या छंदात अक्षरांचा हिशेब नसतो, परंतु ओळ कोठे तोडावयाची याचा निर्णय कवीने विचारपूर्वक घेतलेला असतो. अशी कविता हाती आली म्हणजे नट दोहोंपैकी एक चूक हटकून करतो: एक तर ओळींचे बंधन झुगारून ती गद्यासारखी घडाघडा म्हणून टाकतो, नाहीतर प्रत्येक ओळीच्या शेवटी यांत्रिकपणे थांबतो. ओळ संपली आहे पण वाक्य संपलेले नाही, अशा वेळी आवाज खाली न पाडता क्षणभर अधांतरी धरून ठेवणे ही कसबाची बाब आहे, आणि एकदा ती साधली की गद्य नाटकातील लांबलचक स्वगतेही धापा न टाकता बोलता येतात. इंग्लंडात रॉयल शेक्सपिअर कंपनीने १९६९ पासून सिसिली बेरी या बाईंना नटांच्या आवाजाची जबाबदारी सोपविली होती, आणि त्या नटांकडून हेच करून घेत: काव्याचा श्वास आणि विचाराचा श्वास यांची गाठ घालून देणे.

या शाळेचा सर्वांत मोठा मराठी ग्रंथ मात्र नारायण सुर्वे यांची कविता आहे, आणि कामगारवस्तीतील नटाने तिच्यापासून आरंभ करावा यात औचित्यही आहे. १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ प्रसिद्ध झाले, त्यापूर्वी सुर्वे गिरणीत राबले होते, शाळेत शिपाई झाले होते आणि पुढे शिक्षकही झाले. त्यांच्या अनेक कवितांत कवी स्वतः बोलत नाही. कोणी एक माणूस दुसऱ्या एका विशिष्ट माणसाशी, एका विशिष्ट अडचणीच्या क्षणी बोलत असतो. मुलाला शाळेत घालावयास आलेली, पण बापाचे नाव सांगू न शकणारी जी स्त्री त्यांनी मास्तरांसमोर उभी केली आहे, ती कविता म्हणताना नटाला मास्तर कोठे बसले आहेत हे निश्चित करावे लागते, ते वर पाहतात की हजेरीपटात डोके घालून बसतात हे ठरवावे लागते, आणि त्यांचा न ऐकू येणारा प्रत्येक प्रश्न मनात ऐकावा लागतो. समोर पात्र नसताना ऐकण्याची ही सवय जडली की ते खरोखर समोर असताना नट आपल्या पाळीची वाट पाहत ताटकळत नाही. तो ऐकू लागतो. अभिनयात याहून मोठी बढती नाही.

कवी आणि नट यांचा हा घरोबा आपल्याकडे जुनाच आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचे एक प्रमुख सूत्रधार वसंत बापट हे स्वतः कवी होते. विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर यांच्यासमवेत त्यांनी गावोगाव केलेली काव्यवाचने ज्यांनी ऐकली ते अद्यापि त्यांविषयी बोलतात. त्याच सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले पुढे आले, ज्यांचे नाव आज पिंपळे गुरवच्या नाट्यगृहाला आहे. सत्यदेव दुबे यांच्या हाताखाली तयार झालेले किशोर कदम ‘सौमित्र’ या नावाने कविता लिहितात व म्हणतात. आणि चिंचवडमध्येच जन्मलेल्या मुक्ता बर्वे यांनी व्यावसायिक रंगभूमीवर नाव कमावल्यानंतर ‘रंग नवा’ हा कवितांचा कार्यक्रम रंगमंचावर आणला. यशस्वी नटीला असल्या उद्योगाची गरज का भासावी, असा प्रश्न कोणी विचारील. मला वाटते, यशानंतरच ती अधिक भासते, कारण लोकप्रिय नटाचे सर्वच लकबींवर निभावते आणि कवितेपुढे लकबी चालत नाहीत.

येथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. आपल्याकडील बरेच नट कविता म्हणतात तेव्हा तिचा सत्यानाश करतात. आंतरशालेय वक्तृत्वस्पर्धांपासून जडलेली हातवाऱ्यांची खोड, ‘दुःख’ या शब्दावर दुःखी होण्याची घाई, आणि पार्श्वसंगीताशिवाय आपले कोणी ऐकणार नाही हा न्यूनगंड, या तिहींनी मिळून चांगल्या कवितांचे जे हाल चालविले आहेत ते पाहून कवींनी मनाई हुकूम आणावा असे वाटते. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी बोरकर, मर्ढेकर यांच्या कवितांची जी जाहीर वाचने केली, त्यांत दोघेही रंगभूमीवर वावरलेले असूनही कवितेच्या आणि श्रोत्याच्या मध्ये उभे राहत नसत. नटाने कवितेपासून संयम घ्यावयाचा. आपला अभिनय तिच्यावर लादावयाचा नाही.

आता या पट्ट्याविषयी व्यावहारिक मुद्दा. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह अशी मोठी नाट्यगृहे शहरात आहेत. २०१६ साली एकोणनव्वदावे साहित्यसंमेलन आणि २०२४ च्या जानेवारीत शंभरावे नाट्यसंमेलनही येथेच भरले. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांत कारखान्यांतील हौशी मंडळी उतरतात. परंतु ज्या पथकातील एक गडी फर्स्ट शिफ्टला, दुसरा सेकंडला आणि नायिका नाईट करून आलेली, त्याची तालीम कधी व्हावयाची? आठ माणसे एका वेळी एका जागी जमविणे हेच मुळी अर्धे दिग्दर्शन होऊन बसते. कवितेला एकच माणूस पुरतो, कंपनीच्या बसमधला पाऊण तास पुरतो, आणि सुटीच्या दिवशी ऐकावयास दहा-पंधरा सहकारी मिळाले तर वाचनालयाची खोलीही पुरते. शिवाय प्रेस शॉपच्या खडखडाटात ओरडून बोलण्याची जी सवय लागते ती रंगमंचावर तशीच चालत येते, आणि माइकसमोर हळू आवाजात कविता म्हणून पाहिल्याखेरीज ती मोडत नाही.

आरंभ अभंगाने करावा, त्यानंतर पाडगावकरांची बोलगाणी घ्यावीत, मग सुर्वे. चाकण ज्या खेड तालुक्यात मोडते त्याच तालुक्यातील पूर-कनेरसर येथे जन्मलेले नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला मात्र पहिल्या वर्षी हात लावू नये, तेथील ओळींचा दमसास, त्यांतील शिवी आणि करुणा यांची एकाच श्वासात पडलेली गाठ, ही आवाज पुरता मोकळा झाल्याशिवाय पेलत नाही, आणि नुसत्या आरडाओरड्याने ती कविता म्हणणारे नट आपल्याकडे आधीच पुष्कळ झाले आहेत.