धक्का की हिसका?

भुसावळच्या यार्डात मालगाडीचे शंटिंग चाललेले तुम्ही पाहिले आहे काय? नसेल, तर संधी मिळताच पाहा. इंजिन एका टोकाला आणि डबे चाळीस-पन्नास. इंजिनाने रेटा दिला, की पहिला डबा दुसऱ्यावर आदळतो, दुसरा तिसऱ्यावर, आणि खडखडाट या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जातो. इंजिनाने ओढले, तरी खडखडाट धावतोच. पण या वेळी डब्यांच्या जोडण्या एकामागून एक ताणल्या जातात.

आता समजा, तुम्ही अगदी शेवटच्या डब्यात बसला आहात. इंजिन तुम्हाला दिसत नाही. तरी ते रेटते आहे की ओढते आहे, हे तुम्हाला सांगता येईल काय? सहज येईल! तुमचा डबा प्रथम इंजिनापासून दूर ढकलला गेला, तर तो धक्का. प्रथम इंजिनाकडे खेचला गेला, तर तो हिसका. त्यानंतर डबा पुढेमागे कितीही हलो. खरी साक्ष पहिल्या हालचालीची.

भूकंपाची गोष्ट अशीच आहे. जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल खडक सरकतो. तिथे कोणी जाऊन पाहू शकत नाही. पण त्या खडकाने आपल्याकडे रेटा दिला की आपल्यापासून ओढ घेतली, हे वर ठेवलेल्या भूकंपमापकाच्या पहिल्या हालचालीवरून कळते. एवढ्याशा खुणेवरून शास्त्रज्ञ खडक कोणत्या दिशेने सरकला ते कसे ओळखतात, आणि आपल्या खानदेशाला त्याची गरज का आहे, ते पाहू.

परातीतला भूकंप

घरात एक परात घ्या. तीत बोटभर जाडीचा ज्वारीचा थर पसरा. तुमच्यापासून दूरची कड ती उत्तर, असे धरा. साबणाच्या दोन सारख्या वड्या घ्या आणि त्या लांब कडेने एकमेकींना चिकटवून, परातीच्या मध्यावर, तळाला टेकतील अशा उभ्या दिशेने ठेवा. त्यांच्यामधली फट म्हणजे खडकातली भेग. भूवैज्ञानिक अशा भेगेला प्रस्तरभंग म्हणतात.

आता डावी वडी हळूच पुढे, म्हणजे उत्तरेकडे सरकवा, आणि त्याच वेळी उजवी वडी आपल्याकडे, म्हणजे दक्षिणेकडे ओढा. काय दिसले? डाव्या वडीच्या पुढे, वायव्येला, ज्वारीचा ढीग झाला. तिच्या मागे, नैर्ऋत्येला, खळगा पडला. उजव्या वडीचे याच्या उलट : आग्नेयेला ढीग, ईशान्येला खळगा. म्हणजे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दाब आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत ताण.

दाब पडलेल्या बाजूंना भूकंपाची पहिली लहर धक्का घेऊन जाते. ताण पडलेल्या बाजूंना हिसका घेऊन जाते. लहर खालून वर येत असल्यामुळे धक्क्याने जमीन प्रथम वर उचलते आणि हिसक्याने प्रथम खाली जाते. भूकंपमापकाच्या नोंदीत, म्हणजे भूकंपालेखात, रेघेचे पहिले वळण वर आहे की खाली, एवढे पाहिले की काम झाले. धक्के आणि हिसके असे चार भागांत वाटलेले असतात, ही गोष्ट जपानमधील शास्त्रज्ञ तोशी शिदा यांनी १९१७ साली दाखवून दिली.

समजा, पिंप्राळ्याखाली…

आता जळगाव जिल्ह्याचा नकाशा पुढे घ्या. समजा, पिंप्राळ्याखाली दहा किलोमीटर खोल एक लहानसा भूकंप झाला आणि चोपडा, रावेर, जामनेर, पाचोरा व भुसावळ या पाच गावांत आपण भूकंपमापके ठेवलेली होती. (ती खरोखर तिथे आहेत असे नव्हे, हे आपले गणित आहे.)

प्रत्येक भूकंपालेखात प्रथम प्राथमिक लहर येते. ही खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते आणि मालगाडीच्या डब्यांसारखी रेटत-ओढत जाते. मागून दुय्यम लहर येते. तिचा वेग सुमारे साडेतीन किलोमीटर, आणि ती खडकाला आडवे हलवते. दोन्ही लहरींमध्ये जितके सेकंद जातील त्यांना आठाने गुणले, की भूकंपाचे अंतर किलोमीटरमध्ये अंदाजे मिळते. चोपड्याला पाच सेकंदांचे अंतर आले, तर भूकंप सुमारे ४० किलोमीटरवर झाला. चार-पाच गावांची अशी अंतरे कंपासने नकाशावर काढली, की वर्तुळे पिंप्राळ्याजवळ एकत्र येतात. ठिकाण सापडले.

आता पहिली वळणे पाहू. वायव्येकडच्या चोपड्याला रेघ वर गेली : धक्का. आग्नेयेकडच्या जामनेरलाही वर : धक्का. ईशान्येच्या बाजूला असलेल्या रावेरला खाली : हिसका. नैर्ऋत्येच्या बाजूच्या पाचोऱ्याला खाली : हिसका. नकाशावर धक्क्याला अधिक आणि हिसक्याला वजा असे चिन्ह द्या. आता पिंप्राळ्यावरून एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा अशा काढा, की अधिक आणि वजा वेगळे पडतील. एक रेषा साधारण दक्षिणोत्तर येईल, दुसरी पूर्वपश्चिम. आपल्या परातीतले चित्र ते हेच!

भुसावळ राहिलेच. ते जवळजवळ थेट पूर्वेला, म्हणजे आपल्या रेषेच्या अगदी कडेला आहे. तिथे पहिले वळण इतके बारीक, की वर की खाली तेही कळत नाही. पण मागून आलेली दुय्यम लहर मात्र चांगली जोरदार आहे. हा यंत्राचा दोष नव्हे. धक्का आणि हिसका यांच्या सीमेवर प्राथमिक लहर क्षीण होते आणि दुय्यम लहर सर्वांत जोरात येते. म्हणून भुसावळची ‘न कळणारी’ नोंदच आपल्याला सांगते, की रेषा इथूनच गेली पाहिजे.

सगळ्याच गावांत रेघ वर गेली तर? तर पहिली शंका सुरुंगाची घ्यावी. खाणीतला स्फोट सगळ्या दिशांना सारखा रेटतो. तो कोणालाही ओढत नाही. जमिनीखाली केलेला अणुस्फोट भूकंपापासून वेगळा ओळखण्यासाठी ज्या खुणा पाहतात, त्यांतली ही एक आहे. अर्थात पाचच नोंदी असताना केवळ एवढ्यावर निकाल देऊ नये.

एका कोड्याची दोन उत्तरे

पण एक मोठी अडचण आहे. ज्वारी पुन्हा सारखी करा. आता वड्या आडव्या ठेवा : एक उत्तरेला, एक दक्षिणेला, लांब कडा चिकटलेल्या. उत्तरेकडची वडी डावीकडे, म्हणजे पश्चिमेला सरकवा आणि दक्षिणेकडची उजवीकडे, म्हणजे पूर्वेला. ढीग कुठे झाले? वायव्येला आणि आग्नेयेला. म्हणजे तेच चित्र!

याचा अर्थ असा, की पहिल्या वळणांवरून नेहमी दोन उत्तरे मिळतात. आपल्या उदाहरणात भेग दक्षिणोत्तर असेल किंवा पूर्वपश्चिम असेल. नुसत्या अधिक-वजांवरून ते ठरत नाही. त्यासाठी दुसरा साक्षीदार लागतो : जमिनीवर पडलेल्या भेगा, किंवा मागून येणारे छोटे धक्के कोणत्या ओळीत लागतात ते.

कोयनेला असेच झाले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला ६.३ महत्तेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली. दख्खनचे पठार अचल आहे, त्याला भूकंपाचे भय नाही, असे तोवर पुष्कळांना वाटत असे. भूकंपालेखांवरून दोन उत्तरे निघाली. पण जमिनीवर पडलेल्या भेगांची ओळ उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैर्ऋत्येकडे जात होती. त्यावरून निवाडा झाला : याच दिशेची भेग, आणि एका बाजूला उभे राहून पाहिले तर पलीकडची बाजू डावीकडे सरकलेली.

प्रत्येक भूकंपात खडक असा आडवाच सरकतो असे नाही. कोयनेच्या दक्षिणेस वारणेच्या परिसरात बहुतेक छोट्या भूकंपांत भेगेवरचा खडक खाली घसरतो. तिथे खडक ताणला जात आहे. उलट ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला हजारो बळी घेणारा भूकंप झाला, तेव्हा भेगेवरचा खडक वर चढला होता; तिथे खडक दाबला जात होता. घसरणीच्या भूकंपात बरोबर वर असलेल्या यंत्राला प्रथम हिसका बसतो, चढणीच्या भूकंपात धक्का.

छोट्या भूकंपाच्या अडचणी

मोठा भूकंप जगभरच्या शेकडो यंत्रांवर उमटतो. ३ महत्तेच्या भूकंपात मात्र खडकाचा काहीशे मीटरांचा तुकडा फार तर एक-दोन सेंटीमीटर सरकतो. त्याची लहर पाच-सहा यंत्रांपर्यंत पोचली तरी पुष्कळ. त्यातही रस्त्यावरचे ट्रक, विहिरीवरचा पंप, वाऱ्याने हलणारी झाडे यांच्या थरथरीत पहिले वळण बुडून जाते. शिवाय एखाद्या यंत्राच्या तारा उलट जोडल्या असतील, तर धक्क्याचा हिसका होतो आणि सगळे उत्तर चुकते!

म्हणून आता केवळ पहिले वळण न पाहता संपूर्ण भूकंपालेखाचा आकार वापरतात. पद्धत अशी. भेगेची दिशा, तिचा उतार आणि सरकण्याची दिशा हे तीन कोन धरायचे. त्या भूकंपाने प्रत्येक ठिकाणी कसा आलेख उमटला असता, ते संगणकाने काढायचे. मग खऱ्या आलेखाशी ताडून पाहायचे. जुळला नाही, तर कोन बदलून पुन्हा. दर ५ अंशांनी बदल केला, तर ७२ × १८ × ७२, म्हणजे ९३,३१२ जुळण्या तपासाव्या लागतात. शिवाय खोली वेगवेगळी धरून पुन्हा तेच! हाताने हे जन्मात झाले नसते. संगणक ते झटपट करतो.

पण संगणकाला एक गोष्ट आपणच सांगावी लागते : लहर कोणत्या खडकांतून आली. कोयनेला विंधन करून पाहिले, तेव्हा काळा पाषाण सुमारे ९३० मीटर खोल आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक मिळाला. पुढे गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. खडकांची माहिती चुकली, तर आलेख जुळूनही उत्तर चुकीचे येऊ शकते. म्हणून सावध संशोधक एकच उत्तर सांगून थांबत नाही. त्याच्या आसपासची आणखी कोणती उत्तरे जवळजवळ तितकीच जुळतात, तेही तो सांगतो.

खानदेशाला याचे काय?

पिंप्राळ्याहून उत्तरेकडे तापीकाठी जा. समोर सातपुडा, पाठीमागे अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये सपाट काळी जमीन. या जमिनीखाली नदीने आणलेल्या गाळाचा शेकडो फूट जाडीचा थर आहे. केळीच्या बागांना तो वरदान आहे. पण खालच्या खडकातल्या भेगा त्याने झाकून टाकल्या आहेत. नर्मदा-तापीचा हा पट्टा फार जुन्या काळी भंगलेला आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक महत्तेचा भूकंप झाला, तोही सुमारे ४० किलोमीटर खोल. त्या काळी भूकंपमापके मुंबईच्या कुलाबा वेधशाळेसारख्या मोजक्याच ठिकाणी होती. २२ मे १९९७ च्या पहाटे याच पट्ट्याच्या पूर्वेकडे जबलपूरला ५.८ महत्तेचा भूकंप झाला. किल्लारीनंतर बसवलेल्या नव्या यंत्रांनी तो टिपला होता. खोली सुमारे ३५ किलोमीटर आणि खडक वर चढलेला, म्हणजे दाबाचा भूकंप, असे निघाले. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर उत्तरेकडे सरकत हिमालयावर रेटतो आहे, त्या रेट्याशी हे जुळते.

२०२३ च्या जानेवारीत भुसावळ-सावदा भागात सौम्य धक्का बसला. भांडी वाजली, लोक घराबाहेर आले आणि थोड्या वेळाने परत कामाला लागले. असा धक्का नुकसान करत नाही, म्हणून आपण तो विसरतो. पण गाळाखालची भेग कोणत्या दिशेला आहे, ती दाबली जाते आहे की ताणली जाते आहे, हे सांगणारे पत्र या छोट्या भूकंपांखेरीज फारसे कोणी धाडत नाही. ते वाचायला जवळपास चार-सहा चांगली यंत्रे हवीत, त्यांच्या तारा बरोबर हव्यात आणि नोंदी जपून ठेवल्या पाहिजेत.

पुढचा मोठा भूकंप कधी होईल, हे या विद्येने सांगता येत नाही. तसे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. पण कोणती भेग कशी सरकू शकते, हे कळले की जमीन किती आणि कशी हलेल याचा अंदाज बांधता येतो. आणि शाळा, पूल, धरणे त्या बेताने बांधता येतात.

तोवर परात आणि ज्वारी तुमच्याजवळ आहेच. वर्गात प्रयोग करून पाहा. मग चोपडा, रावेर, जामनेर आणि पाचोरा या चार गावांची अधिक-वजा चिन्हे उलट करा आणि दोन्ही उत्तरे काढा. दोहोंतले खरे कोणते, हे ठरवायला तुम्ही आणखी कोणती नोंद मागाल?