आधी फोन ठेवा, मग पत्र वाचा!

दोस्ता, एक गंमत सांगू? ई-मेल वाचायचाय? मग आधी इंटरनेट बंद कर! उलटंच वाटतं ना? पण पंचवीस वर्षांपूर्वी हुशार माणसं अगदी हेच करायची.

जरा नकाशा उघड. मध्य प्रदेशात इंदूरहून भोपाळकडे निघालं की देवास लागतं आणि पुढे कालीसिंध नदीकाठी सोनकच्छ. तेव्हा अशा छोट्या गावांकडे इंटरनेट यायचं कशातून, ओळख पाहू! टेलिफोनच्या तारेतून!

पण तार होती माणसांच्या गप्पांसाठी. कॉम्प्युटरला कुठे गप्पा मारता येतात? म्हणून मध्ये असायचा मोडेम. तो अक्षरांचे चक्क आवाज करायचा! आधी नंबर फिरवायचा. पलीकडचा मोडेम फोन उचलायचा. मग सुरू व्हायचं कुईंऽऽ, टँऽऽग, खर्रर्र! बाप रे! पण हा बिघाड नव्हता बरं का. आपण किती वेगाने बोलायचं, हे ते दोघं ठरवत असायचे. ठरलं की एकदम शांत! खरं तर तारेत आवाज चालूच असायचा. मोडेम फक्त आपला स्पीकर बंद करायचा. लबाड!

तेवढ्यात आजीने आतल्या खोलीतला फोन उचलला, की झालं! तिच्या कानात खरखर आणि इकडे लाइन कट.

शिवाय जितका वेळ लाइन चालू, तितकं बिल जास्त. मामाने फोन केला, तर त्याला एंगेज!

मग करायचं काय? देवासकरांना हे सांगायलाच नको. 1990 मध्ये तिथे इतकी टंचाई होती, की पाणी रेल्वेने आणावं लागलं! नळ आला की हंडे-कळशा भरून ठेवायच्या, मग दिवसभर वापरायचं. पत्रांचंही तसंच! लाइन जोडायची, ई-मेलने आलेली सगळी पत्रं आणि वार्तापत्रं भराभर कॉम्प्युटरमध्ये उतरवायची आणि लाइन बंद. मग वाचा तासभर, एक पैसा न देता! युडोरा आणि आउटलुक एक्सप्रेस हे प्रोग्राम यासाठीच लाडके होते. उत्तरंसुद्धा तेव्हाच लिहायची. ती 'आउटबॉक्स'मध्ये थांबायची आणि पुढच्या वेळी लाइन लागली की सगळी एकदम सुटायची.

धार किती बारीक होती, माहितेय? चांगला मोडेम सेकंदाला फार तर 7,000 बाइट आणायचा. एक इंग्रजी अक्षर म्हणजे एक बाइट. म्हणजे 20,000 अक्षरांचं वार्तापत्र तीन सेकंदांत हजर! आणि आजच्या मोबाइलवरचा 3 एमबीचा एक फोटो? सात मिनिटं! लाइन खरखरत असेल, तर विचारूच नकोस. म्हणून बरीच वार्तापत्रं नुसत्या अक्षरांची असायची. मथळ्याखाली ====== अशा खुणांची ओळ, हीच काय ती सजावट. मला ती अजून आवडते.

आवडलेलं पत्र फ्लॉपीवर ठेवायचं. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढ्या चौकोनी वेष्टनातली चकती. तिच्यात 1.44 एमबी मावायचं. तो मघाचा फोटो अर्धासुद्धा बसला नसता, पण अशी सत्तर वार्तापत्रं आरामात!

आता सगळ्यात भारी गोष्ट. इंदूरशेजारच्या धार जिल्ह्यात 1 जानेवारी 2000 ला 'ज्ञानदूत' सुरू झालं. गावात एक खोली, तिचं नाव सूचनालय. आत कॉम्प्युटर, मोडेम आणि तो चालवणारा सूचक. तिथून टेलिफोनच्या तारेनेच धारच्या मुख्य कॉम्प्युटरला जोडायचं. वीज आणि लाइन, दोघींचे रुसवेफुगवे सांभाळत! शेतकरी तिथे मंडीतले भाव विचारायचा. सूचक ते कागदावर छापून द्यायचा. सोयाबीन कुठल्या मंडीत न्यायचं, हे शेतकरी मग घरी बसून ठरवायचा. कॉम्प्युटरला हातही न लावता कॉम्प्युटरच्या जाळ्याचा फायदा!

आणि काय झालं सांगू? त्याच वर्षी धारच्या या ज्ञानदूतने थेट स्वीडनचं 'स्टॉकहोम चॅलेंज' पारितोषिक पटकावलं!