भ्रष्टाचाराचा पाया अंदाजपत्रकातच पडतो

पेठ तालुक्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि एप्रिल उजाडला की बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांगा लावतात. पाणी अडवायला पैसा आलाच नाही, असं नाही. तो गेला कुठे, असं बैठकीत विचारलं की उत्तर येतं, "सगळेच खातात." मला हे उत्तर पटत नाही. हाव सगळीकडेच असते. पण खाण्याची सोय कुठे होते, ते शोधायला हवं.

आपल्या राज्यातला सिंचन घोटाळा पाहा. फेब्रुवारी २०१२ मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सरकारला पत्र लिहून फुगवलेल्या किमती आणि निकृष्ट कामं उघड केली. त्याआधी २००९ मध्ये विदर्भातल्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेण्यात आली होती. हे कसं जमतं? काम आधी छोटं दाखवून मंजूर करायचं. खोदाई सुरू झाली की मागे फिरता येत नाही. मग डिझाईन बदललं, दर वाढले म्हणत 'सुप्रमा', म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यायची. निविदा भरणारे मोजकेच. कोणतं काम कोणाला, हे ते आपसात ठरवून घेतात. पुढे काँक्रीट मातीखाली जातं, मग तपासणार कोण?

अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी याचं सूत्र मांडलं: मक्तेदारी अधिक मनमानी अधिकार, वजा उत्तरदायित्व. विकसनशील देशांत सरकार हाच मोठा गिऱ्हाईक, पैसा वरून येतो आणि पाणी पिणाऱ्याच्या हाती बिल थांबवण्याचा अधिकार नसतो. ठेकेदाराच्या पैशावर निवडणुका लढल्या जातात, हे तर गावातलं पोरही सांगेल.

पेठ हा पाचव्या अनुसूचीतला तालुका. पेसा कायदा, १९९६ नुसार ग्रामपंचायतीने खर्च केलेल्या निधीचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावं लागतं. बहुतेक तरुणांना हे ठाऊकच नसतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ (ञ) खाली तर कामाची पाहणी करता येते, साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात.

म्हणून अर्जात नुसता 'किती खर्च झाला' असं विचारू नका. अंदाजपत्रक, सुप्रमा आणि मोजमाप पुस्तिका, या तिन्हींच्या प्रती मागा. आणि टेप घेऊन बंधाऱ्यावर जा.