गावाकडची भाकरी आणि आजचे आहारशास्त्र



गावाकडच्या जेवणाचे गोडवे गाण्याची आज पद्धत पडली आहे. आपण मात्र त्यातले काय घ्यायचे आणि काय कायमचे सोडायचे, हे पारखून पाहिले पाहिजे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये वा अंडी-मांस-मासळी मिळून ८५ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर असावे, असे ही संस्था सांगते. मीठ मात्र ५ ग्रॅमच्या आतच.

या कसोटीवर आपल्या आज्यांचा स्वयंपाक पुष्कळसा उतरतो. देशावर आणि मराठवाड्यात ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलगे, मटकी, तांदुळजा, अंबाडी, जवसाची चटणी. कोकणात नाचणी, कुळथाची पिठी, सुकट. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतात. नाचणीत कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, तर तांदळात जेमतेम १०. धान्यात कमी असलेला प्रथिनांचा घटक कडधान्यातून मिळतो. म्हणून भाकरी आणि हुलग्याचे कालवण ही जोडी शास्त्रशुद्ध ठरते.

परंतु दुसरी बाजू विसरून चालणार नाही. दूध, फळे, तेल आपल्या वाट्याला फारसे आलेच नाही. येसकराच्या भाकरीचे शिळे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस ही आपली आवड नव्हती, ती जातिव्यवस्थेने लादलेली लाचारी होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ती सोडण्याचे आवाहन केले. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसे आजही आपल्यात आहेत. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे पुस्तक या अन्नाचा इतिहास सांगते. विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावे.

आज घाटकोपर-मुलुंडच्या आपल्या वस्त्यांत उपासमारीची जागा वडापाव, मैद्याची बिस्किटे, फरसाण आणि ताटभर पांढऱ्या भाताने घेतली आहे. पोट भरते, पण मधुमेह आणि रक्तदाब घरात शिरतात. मुलांच्या शिक्षणासाठी साठवलेला पैसा औषधांत जातो. तेव्हा एका वेळी भाकरी, रोज मूठभर मोड आलेले कडधान्य, एक पालेभाजी आणि परवडेल ते केळे वा पेरू, एवढे तरी करावे. खारवलेली मासळी व खारट ठेचा बेतानेच खावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी दूध व अंडी मुलामुलींना सारखीच द्यावीत.

भगवान बुद्धांनी अतिभोजनाने धापा टाकणाऱ्या कोसलनरेश पसेनदीला भोजनातील मात्रा शिकवली. राजाने आहार हळूहळू कमी केला आणि तो सडपातळ झाला. उपासमार नको आणि अतिरेकही नको, हाच मध्यम मार्ग ताटातही पाळावा. गावाकडचे धान्य आणि पालेभाजी आपण आणू या. तिथली लाचारी मात्र तिथेच गाडू या.

जय भीम! नमो बुद्धाय!