सागरवेष्टित पक्ष्यांचा वारसा

चहूकडून समुद्राने वेढलेल्या भूमीवर पक्ष्यांची एखादी जात सहस्रावधी वर्षे एकटी राहिली, तर तिच्या आनुवंशिक ठेव्यात काय भर पडते आणि काय वजा होते, या प्रश्नाचा निवाडा आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८८० साली ‘आयलंड लाइफ’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा पिसांचे रंग आणि चोचींची मोजमापे यांच्याच आधाराने करावा लागे. आज रक्ताच्या थेंबातून जनुकांचा सारा दस्तऐवज वाचता येतो. या वाचनातून निघालेला निष्कर्ष प्रथमदर्शनी विसंगत भासतो. एकांतवास बेटाबेटांमधील भेद वाढवीत जातो. परंतु प्रत्येक बेटाच्या हद्दीतले वैविध्य मात्र तोच आटवीत नेतो.

कणगीतले धान्य कितीही मिसळीचे असले, तरी पेरणीसाठी उचललेल्या एका मुठीत त्यातील प्रत्येक वाण येईलच असे नाही. वाऱ्याने दूरच्या बेटावर नेऊन टाकलेल्या थव्याचीही तीच गत होते. आपल्याकडील चष्मेवाल्याचा भाऊबंद असलेला सिल्व्हरआय हा चिमुकला पक्षी टास्मानियाहून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूझीलंडला पोहोचला आणि तेथून टप्प्याटप्प्याने पसरत १९०४ साली नॉरफोक बेटावर वस्तीला गेला. या स्थलांतरांच्या तारखा दप्तरी नमूद असल्यामुळे संशोधकांना प्रत्येक टप्प्यावरची घट ताडून पाहता आली. एकाच उड्डाणात फारसे काही हरपत नाही, असे लागोपाठ अनेक टप्पे झाले म्हणजे मगच तूट जाणवू लागते, आणि पुरातन काळापासून वसलेल्या बेटांवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या यदृच्छेने ती अधिकच वाढलेली असते, असे त्यांना आढळले.

भेद कसा वाढतो, हे पाहावयाचे तर गॅलापागोसकडे वळले पाहिजे. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटरवर असलेल्या या द्वीपसमूहात वीस-तीस लाख वर्षांपूर्वी येऊन ठेपलेल्या एका फिंचच्या वंशातून डझनाहून अधिक जाती निपजल्या. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून तेथील डॅफ्नी मेजर या निर्जन बेटावर पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून त्यांच्या वंशावळी लिहून ठेवल्या. १९७७ च्या अवर्षणात बारीक बियांचा साठा संपला, तेव्हा आपल्या सराट्याच्या गोतातील वनस्पतीची काटेरी, टणक फळे फोडू शकणारे दणकट चोचीचे पक्षीच बहुतांशी तगले, आणि त्यांच्या पिल्लांनीही तीच चोच उचलली. पुढे १९८१ साली शंभराहून अधिक किलोमीटरवरील एस्पान्योला बेटावरून एक धिप्पाड नर येथे आला व त्याने स्थानिक मादीशी जोडा जमविला. परंतु त्याच्या वंशजांचे गाणे निराळे आणि चोचही निराळी, त्यामुळे ते अखेर आपसांतच जोडे जमवू लागले. बेट तेच राहिले. विलगतेची सरहद्द मात्र गाण्याने आखली.

अशी सरहद्द आखण्यास समुद्रच हवा असेही नाही. दक्षिण सह्याद्रीच्या माथ्यांवरील शोला वने ही उष्ण दऱ्यांनी वेढलेली बेटेच होत. पालघाट खिंडीच्या उत्तरेला निलगिरीकडे आणि दक्षिणेला अनामलई-पळणीकडे राहणारे निळे रॉबिन जनुकीय पुराव्यावरून दोन स्वतंत्र जातींचे ठरले.

आता खर्चाची बाजू. न्यूझीलंडच्या पूर्वेस असलेल्या चॅथम बेटांवरील काळ्या रॉबिनचे १९८० साली जगात पाचच पक्षी उरले होते, आणि त्यांत पिल्ले देणारी मादी एकच. पायातील निळ्या कडीवरून तिला ‘ओल्ड ब्लू’ म्हणत. डॉन मर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांकडून उबवून घेण्याची तजवीज केली, आणि आजचे सारे काळे रॉबिन तिचेच वंशज आहेत. काही माद्या मात्र अंडे घरट्याच्या काठावर घालीत, जिथे ते फुकट जावयाचे. माणसे अर्थातच ते हलकेच आत सरकवीत. या दयाबुद्धीचा परिणाम असा झाला की निसर्गाने वगळली असती ती खोड टिकून निम्म्याहून अधिक माद्यांत पसरली; अंडी सरकविणे बंद केल्यावर ती पुन्हा ओसरू लागली.

याच्या उलट दाखला न्यूझीलंडच्याच काकापो या उडता न येणाऱ्या पोपटाचा. १९९५ साली त्याचे ५१ पक्षी शिल्लक होते. सुमारे दहा हजार वर्षे स्ट्यूअर्ट बेटावर अलग पडलेल्या त्याच्या शाखेत वैविध्य तुटपुंजे, म्हणून तिच्यात घातक जनुके साचली असतील असा तर्क होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकवाचनाने तो खोटा पाडला. मुख्य भूमीवरील काकापोंहून या शाखेत अशी जनुके कमीच निघाली. निकटच्या नात्यांत प्रजनन झाले की एरवी झाकलेले दोष उघडे पडतात, असे दुबळे पक्षी वंश न ठेवताच मरतात, आणि दोषही त्यांच्याबरोबर नाहीसे होतात. मात्र ही शुद्धी मंदगतीने, शेकडो पिढ्यांतच घडते.

रिचर्ड हेन्री नावाचा मुख्य भूमीवरचा अखेरचा काकापो २०१० साली मेला. त्याची तीन पिल्ले वंशात राहिली. त्याच्या रक्तामुळे आजच्या काकापोंना दुर्मिळ वैविध्य लाभते, आणि त्याबरोबरच स्ट्यूअर्ट बेटाने झाडून टाकलेले काही दोषही परत येऊ शकतात. बाहेरचे रक्त आणावे की एकांत जपावा, याचा सरसकट नियम म्हणूनच करता येत नाही. दीर्घकाळ अलग राहिलेली जात आणि माणसाने काल-परवा कोंडीत आणलेली जात यांना एकच औषध देणारा रक्षक दोहोंपैकी एकीचा घात केल्याशिवाय राहणार नाही.