काठीची सावली आणि सरकणारे कर्कवृत्त

घड्याळात बारा वाजले की सूर्य डोक्यावर आला, असे आपण सहज म्हणून जातो. या विधानात दोन चुका आहेत, आणि त्या उघड करण्यास एक सरळ काठी पुरेशी आहे. इंदूरच्या राजेंद्रनगरातील एखाद्या गच्चीवर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी करावी व तिची मध्यान्हीची सावली वर्षभर मोजावी.

पहिली चूक वेळेची. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. इंदूर त्याच्या पश्चिमेस साडेसहा अंशांहून थोडे अधिक दूर आहे, आणि एक अंश फिरण्यास पृथ्वीला चार मिनिटे लागतात. त्यामुळे येथील खरी मध्यान्ह सरासरीने १२ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास होते. ऋतुमानाप्रमाणे ती काही मिनिटे मागेपुढे सरते.

दुसरी चूक जागेची. येथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून केवळ दोन दिवस. २२ डिसेंबरच्या सुमारास काठीची सावली उत्तरेकडे पडते आणि काठीपेक्षाही किंचित लांब, म्हणजे १०४ सेंटीमीटर, भरते. मग ती दिवसेंदिवस आखडत जाते व ६-७ जूनच्या सुमारास काठीच्या पायाशीच लुप्त होते. पुढील महिनाभर ती दक्षिणेकडे पडते. परंतु २१ जूनलाही तिची लांबी सव्वा सेंटीमीटरच्या आसपासच असते. ५-६ जुलैच्या सुमारास ती पुन्हा नाहीशी होते, पण त्या वेळी बहुधा आभाळ भरलेले असते. पुण्यास हा योग मेच्या मध्यास येतो. दिल्लीस कधीच येत नाही.

याचे कारण पृथ्वीच्या कललेल्या आसात आहे. हा कल आज सुमारे २३ अंश २६ कला आहे, आणि सूर्य जेथवर उत्तरेस माथ्यावर येऊ शकतो ती सीमा म्हणजे कर्कवृत्त. उज्जैनच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरांवर, डोंगला गावाजवळून ते जाते. तेथे आता वेधशाळाही झाली आहे.

नकाशात ठळक छापलेली ही रेषा मात्र स्थिर नाही. पृथ्वीचा कल हळूहळू कमी होत असल्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी सुमारे पंधरा मीटर दक्षिणेकडे सरकते. या गतीने ते उज्जैनपर्यंत येण्यास सुमारे दोन हजार वर्षे लागतील. आपल्या प्राचीन सिद्धांतग्रंथांनी हा कल २४ अंश मानला होता. तो आकडा केवळ पूज्य म्हणून पुढे चालवला, तर गणित आणि आकाश यांची फारकत होते. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी उज्जैनसह पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या त्या याचसाठी. उज्जैनची मोडकळीस आलेली वेधशाळा १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करविली, आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. जुन्या विद्येचा आदर राखूनही प्रत्यक्ष वेध घेऊन आकडे पारखावेत, ही या वेधशाळेची शिकवण होय.

हा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान बदलतो. कल कमी झाला म्हणजे ध्रुवांकडील उन्हाळे सौम्य होतात, आणि हिवाळ्यातील बर्फ पुरते वितळत नाही. सर्बियाचे गणिती मिलुतिन मिलान्कोविच यांनी हिमयुगांचा संबंध अशा चक्रांशी जोडला. १९७६ मध्ये सागरतळाच्या गाळाच्या अभ्यासाने त्यास मोठा आधार मिळाला. परंतु आजच्या वाढत्या उष्म्याचे खापर कोणी या सरकत्या रेषेवर फोडू नये. ही चक्रे सहस्रावधी वर्षांची आहेत, आणि कल कमी होण्याचा ओढा थंडीकडेच असतो. आजची उष्णता मुख्यतः कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे वाढली आहे.

तेव्हा येत्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलांना घेऊन गच्चीवर जावे. सूर्याकडे मात्र मुळीच पाहू नये. दृष्टी जमिनीवर ठेवावी. १२ वाजून १५ मिनिटांपासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सर्वांत आखूड सावली कोणत्या मिनिटास पडली, हे मुलांना स्वतः ठरवू द्यावे, आणि मगच पुस्तकातील आकडा उघडावा.